जठारपेठेतली एक्सएमएल बॅच

आमच्या बॅचचे दोघं कुठेही भेटले, की चहा येण्याआधी एक किस्सा होतो आणि चहा संपेपर्यंत चार. सांगताना आम्ही हसतो. बायको म्हणते, यात हसण्यासारखं काय आहे? खरंय, फारसं काही नाही. त्या वर्षांत वऱ्हाडात पेपर उघडायची भीती वाटायची. रोज कुठल्या ना कुठल्या गावातली तीच बातमी, शेतकऱ्याच्या आत्महत्येची. आणि आम्ही अकोल्यात, जठारपेठेत, एका कापड दुकानाच्या माडीवर एक्सएमएल नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकत होतो. का? तर ते आलं की पुण्यात नोकरी लागते, असं कुणीतरी सांगितलं होतं. तो माणूस आम्ही अजून शोधतोय!

*

क्लास दहाचा, आणि साडेदहाला भारनियमन. वानखडे सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "लाइट नाही तर नाही. कॉम्प्युटर मी होतो."

म्हणजे आम्ही वहीत लिहायचं आणि सरांनी तपासायचं. एक्सएमएलमध्ये प्रत्येक माहितीला टॅग, म्हणजे नावाची पट्टी, असतो. तो उघडायचा, आत माहिती भरायची, मग बंद करायचा. हे सगळं वाचणाऱ्या प्रोग्रॅमला पार्सर म्हणतात. तो पहिली चूक दिसली की तिथेच थांबतो. सरही थांबायचे! वही मिटून हातात द्यायचे.

इरफानची वही सलग चार दिवस दुसऱ्याच ओळीवर परत आली. पाचव्या दिवशी तो चिडला.

"सर, पुढचं तं वाचा! पुढं लय चांगलं लिवलं हाय!"

"पार्सर पुढचं वाचत नाही, इरफान."

"पन तुमी तं माणूस आहा ना!"

"दहा ते बारा नाही," सर म्हणाले.

*

मग सरांनी गृहपाठ दिला : आपापलं कुटुंब एक्सएमएलमध्ये लिहा. सगळ्यात बाहेर एकच मूळ टॅग हवा, बाकी सगळे त्याच्या पोटात.

इरफानने दोन मूळ टॅग लिहून आणले. त्याचे अब्बा आणि चाचा एकाच घरात राहायचे, पण चुली दोन होत्या आणि बोलणं बंद होतं.

"वर कुणीतरी एक पाहिजे," सर म्हणाले.

"वर दादाजान होते सर. ते गेले, म्हणून तं हे झालं."

सरांनी थोडा विचार करून सांगितलं, दादाजानचाच टॅग लाव, दोघांना आत घे. फाइल बिनचूक निघाली. इरफानने वही पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाला, "घरापेक्षा फाइल बरी हाय."

*

प्रदीप दर्यापूरकडच्या एका खेड्यातून यायचा, आधी काळीपिवळी जीप, मग एस.टी. माहिती तीच ठेवून ती वेगळ्या रूपात कशी दाखवायची, हे आम्ही शिकलो तेव्हा त्याने कापसाच्या भावाचं पान बनवलं. मोठी अक्षरं, बाजूला कापसाचं बोंड, आणि भाव हिरव्या रंगात. एवढं देखणं पान आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं.

एक दिवस त्याचे वडील काही कामासाठी अकोल्याला आले, तेव्हा प्रदीपने त्यांना हौसेने वर आणलं. नशिबाने लाइट होती. वडिलांनी टोपी काढली, स्क्रीनजवळ वाकून आकडा वाचला.

"हा तं कालचाच भाव हाय."

"हो बाबा, पण कलर पाहा ना!"

"हिरव्यानं लिवला तं वाढते काय बे?"

प्रदीपने दुसऱ्या दिवशी रंग काळा केला. आम्ही कुणी त्याला चिडवलं नाही.

*

माझाही एक. पुण्यातली मुलाखत, एसीची खोली, समोर तिघं जण. एकाने विचारलं, "प्रोजेक्टमध्ये कुठला पार्सर वापरला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वानखडे सर."

पुढचं मला विचारलंच नाही. आम्हाला पहिल्या चुकीवर थांबणाऱ्यांची सवय होती, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही.

*

वंदना आमच्यात सगळ्यात हुशार. बोलायची कमी, टॅग कधी उघडा ठेवायची नाही. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. शेत आईने केलं, पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं. आमचा क्लास सुरू होण्याच्या आदल्या वर्षी आईने औषध घेतलं. फवारणीचं. वंदनाने हे आम्हाला एकदाच सांगितलं होतं.

कोर्सच्या शेवटी सरांना अमरावतीच्या एका संस्थेचं काम मिळालं. असे मृत्यू झालेल्या शेतकरी घरांची पाहणी झाली होती. ते फॉर्म एक्सएमएलमध्ये भरून पाठवायचे होते. संस्था ती यादी पुढे सरकारला देणार होती. दर्यापूर तालुक्याचा गठ्ठा वंदनाने मागून घेतला. तिच्या आईचा फॉर्म त्यातच होता आणि तो यादीत जावा एवढंच तिला हवं होतं.

कुठला रकाना सक्तीचा, हे अमरावतीच्या साहेबांनी आधीच ठरवून पाठवलं होतं. मृताच्या नावावरच्या सातबाऱ्याचा गट नंबर सक्तीचा होता. वंदनाच्या आईच्या नावावर सातबारा नव्हता. शेत आजोबांच्या नावावर. तपासणीचा प्रोग्रॅम चालवला की स्क्रीनवर लाल ओळ यायची : आईचं नाव, आणि पुढे 'गट नंबर नाही'. त्याखाली तशाच आणखी ओळी. सगळ्या बायका.

सरांनी आमच्यासमोर अमरावतीला फोन लावला. रकाना रिकामा सोडला तर चालेल का, म्हणून विचारलं. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला, "सातबारा नाही तर ते शेतकरी कसे? काढून टाका ते फॉर्म." मला त्या आवाजाचा आजही राग येतो.

"आजोबांचा नंबर टाकून पाहू," इरफान हळूच म्हणाला.

"मंग थे आजोबाचं शेत होईन," वंदना म्हणाली. "केलं तं आईनं."

सरांचा नियम होता, एकही एरर असेल तर फाइल क्लासबाहेर जायची नाही. आणि फाइलच्या सीडीचं पाकीट त्याच दुपारी अमरावतीला निघायचं होतं. सर तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. 

"वंदना, ते फॉर्म काढ. फाइल पाठवायची आहे."

तिने बाकीच्या बायकांचे फॉर्म काढले नाहीत, आईचाही नाही. माउसवर तिचा हात तसाच होता.

"यादीत तिचं नाव येत नाही, समजलं मले," ती म्हणाली. "पण एररमध्ये येते नं, सर. थे तं राहू द्या."

सरांनी एकही फॉर्म न काढता फाइल सीडीवर उतरवली. त्यांनी एररची यादी प्रिंटरला पाठवली, कागद निघेपर्यंत तिथेच उभे राहिले, आणि पाकिटात सगळ्यात वर ती ठेवली.