घरात मराठीच बोला

ज्या मुलांना अपंगत्वामुळे शाळेत येता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन मी शिकवते. आठवड्यातून एकदा जायचं, मुलाकडून थोडं करून घ्यायचं आणि उरलेले सहा दिवस काय करायचं ते आईबापांना सांगायचं, असं माझं काम. हे सांगणं मला फार चांगलं जमतं, असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

केळझरच्या पुढे, जंगलाच्या कडेला एका गोंड कुटुंबात मी जायची. मुलगी सात वर्षांची. जन्माच्या वेळीच मेंदूला इजा झालेली, हातपाय ताठ, मान स्थिर राहायची नाही, तोंडातून शब्द यायचा नाही. वडील हायवेवरच्या जाम गावी एका ढाब्यावर कामाला होते, पंधरा दिवसांतून एकदा यायचे. आई मजुरीला जायची. दिवसभर मुलीपाशी आजी असायची.

पहिल्याच भेटीत मी पाहिलं, आई आणि आजी आपसात गोंडी बोलत होत्या. मी आईला बाजूला घेऊन समजावलं, "ताई, हिच्यासमोर एकच भाषा बोला. घरात मराठीच बोला. दोन भाषांनी तिचा गोंधळ होतो." मला प्रशिक्षणात असंच शिकवलं होतं आणि मी ते सगळीकडे सांगत आले होते. आईने मान हलवली.

मग वर्षभर मी तिच्यासमोर चित्रं धरली. गाय कुठे आहे? पाणी कुठे आहे? मुलगी छपराकडे बघायची. मी वहीत लिहायची, 'सूचना समजत नाहीत.' तिचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र नव्याने काढायचं होतं, तेव्हा माझा अहवाल सोबत जोडला. त्यात शेवटी लिहिलं होतं की बौद्धिक क्षमता फारच कमी आहे, फार अपेक्षा ठेवू नये. आईलाही मी हेच हळुवार शब्दांत सांगितलं होतं. 

माझा वार गुरुवार. एकदा वर्ध्याची बैठक रद्द झाली म्हणून मी मंगळवारीच गेले. दार अर्धं उघडं होतं. मी चपला काढत होते, तेवढ्यात आतून हसू ऐकू आलं. खळखळून, पोटातून आलेलं. त्या घरात असं हसणारं कोण, मला कळेना.

आत आजी ज्वारी निवडत गोंडीत काहीतरी सांगत होती. मुलगी तिच्या मांडीला टेकून पडली होती आणि दर वाक्याला हुंकार देत होती. आजीने एक शब्द उच्चारला, तशी मुलगी "अंऽ, अंऽ!" करून ओरडली, मान जोरजोरात हलवू लागली. आजी हसली आणि तिने दुसरा शब्द घेतला. मुलगी शांत झाली. पुढे पुन्हा तसंच. आजी मुद्दाम चुकत होती आणि मुलगी तिला चुकू देत नव्हती.

मी आत पाऊल टाकलं. आजीने मला पाहिलं आणि एकदम तोंडावर हात ठेवला. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसं करतं, तसं. मुलगी छपराकडे बघू लागली.

 आईला त्या दिवशी मजुरी नव्हती, ती मागच्या अंगणात होती, तिला मी हाक मारली.

"आजी काय सांगत होत्या?"

"गोष्ट जी. कोल्ह्याची," आई घाबरून म्हणाली. "बुढी कोल्ह्याच्या जागी कोंबडा म्हणते. मग हे चिडते."

मी आजीला म्हटलं, तुमच्या भाषेत विचारा, पाणी कुठे आहे. आजी आधी सुनेकडे बघत राहिली, मग तिने विचारलं. मुलीची नजर सरळ माठावर गेली. कोंबडी? टोपलीवर. आई? आईवर. मग आजीने आपणहून काहीतरी विचारलं, आणि मुलगी माझ्याकडे बघून हसली.

"काय विचारलं?"

आई संकोचली. "इचारलं, कागद दाखवाले कोन येते?"

मी खाली बसले. वर्षभर मी या मुलीला काही समजत नाही म्हणून लिहीत होते. आणि तिला मीसुद्धा समजत होते.

"ताई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमीच तं म्हटलं होतं नं मॅडम, मराठीच बोलजा. बुढी आयकत नाई, लपून बोलते. मी नाई बोलत."

"मग तुम्ही मराठीत बोलता ना तिच्याशी?"

ती पदराचं टोक पिळत राहिली. "जेव, झोप, इतकंच. मले मराठीत लाड कराले येत नाई."

मला वाटलं होतं, मी त्या घराला आधार द्यायला जाते. वर्षभर मी एका आईला तिच्या लेकीशी मुकं करून ठेवलं होतं. तिने चहा आणून ठेवला, तो मी बाजूला सारला.

"बोला तिच्याशी," मी म्हटलं. "आत्ता. तुमच्या भाषेत." आई तिच्याजवळ बसली आणि फार हळू काहीतरी म्हणाली. मला वाटलं, मुलगी हसेल. तिने तोंड फिरवलं आणि ती मोठ्याने रडू लागली. आजीने जवळ घेतलं तरी थांबेना.

पुढच्या महिन्यात मी माझा अहवाल चुकीचा असल्याचं लिहून दिलं. नवीन तपासणीला आजी आत बसली आणि डॉक्टरांचे प्रश्न तिने गोंडीत विचारले. नवीन कागदावर हातपायांचं अपंगत्व राहिलं, बुद्धीचं गेलं. आता मुलगी शाळेत जाते, नजरेने चित्रं दाखवते, मराठीतलीही. आईशी तिचं जुळायला मात्र पाच-सहा महिने लागले.

पालकांच्या बैठकीत मी हे सगळं उभं राहून सांगितलं. मागच्या रांगेतली एक बाई उठली. मला चेहरा आठवेना.

"आमच्या घरी बी तुमीच सांगतलं होतं, मॅडम. पाच वर्षं झाली. आमचं पोरगं जरा मंद हाये नं, म्हनून आमी लय कडक पाळलं." ती शांतपणे बोलत होती. "आमच्या बुढीले मराठी येतच नव्हती. मागच्या साली गेली ते. शेवटपावतर दोघं नुसते एकमेकाकडे पाहत राह्यले."

 मी माफी मागायला पुढे झाले, तेवढ्यात केळझरकडची आई उठली, तिच्याशेजारी जाऊन बसली आणि दोघी गोंडीत बोलू लागल्या.

शनिवारी मी त्या बाईच्या घरी गेले. मुलगा दहा वर्षांचा, गोल चेहऱ्याचा. आईने त्याला गोंडीत काहीतरी विचारलं. उत्तर द्यायच्या आधी त्याने परवानगी मागितल्यासारखं माझ्या तोंडाकडे पाहिलं.