धरती केसभर कलली तेव्हा

मी फोनवर चार वाक्यं बोललो आणि गावची मासेमारी बंद पडली.

त्यातलं चौथं वाक्य होतं, "सर, इथली जमीन सोमवारपासून सरकते आहे." मी बोलत होतो ऑफिसातल्या साहेबांशी, पण फोनचा स्पीकर चालू राहिला होता. शेजारी गोविंदाभाऊ उभे. त्यांच्याच शेतात आमचं यंत्र पुरलेलं आहे. भाऊंनी लगेच सायकल काढली आणि गावाकडे निघाले. ते चहा सांगायला गेले, असं मला वाटलं.

गाव सिंदेवाहीच्या बाजूचं. यंत्राचं नाव टिल्टमीटर. ते जमिनीचा कल मोजतं. किती बारीक? एक किलोमीटर लांब फळी कल्पून घ्या आणि तिचं एक टोक एक मिलिमीटर उचला. एवढा कल त्याला स्वच्छ दिसतो. मला शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलेलं दुपारपर्यंत दिसत नाही.

एरवी त्याची रेघ जवळजवळ सपाट येते. त्या शुक्रवारी सकाळी लॅपटॉप उघडला, तर रेघ सोमवारपासून वाकत गेलेली. बुधवारी थांबली. गुरुवारी पुन्हा निघाली. कुठे हिसका नाही, धक्का नाही. भर मे महिन्यातलं ऊन विसरून मी साहेबांना फोन लावला.

भ्रंश म्हणजे खडकातली जुनी चीर. तिच्या दोन बाजू एकमेकींवर अडकून बसतात, ताण साठत जातो. एकदम सुटला की भूकंप. पण जपानसारख्या ठिकाणी, जिथे समुद्राचा तळ जमिनीखाली घुसतो, तिथे खोलवर असेही पट्टे आहेत जे धड अडकत नाहीत, धड सुटत नाहीत. ते दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे सरकत राहतात. एका मोठ्या भूकंपाएवढा ताण तसाच निघून जातो. वर लोक जेवतात, झोपतात, भांडतात. कुणाला पत्ता नाही. याला स्लो अर्थक्वेक म्हणतात. मी वीस वर्षं त्याबद्दल वाचत आलो होतो. आणि इथे तशीच रेघ.

"चंद्रपूर जिल्ह्यात स्लो अर्थक्वेक?" साहेब म्हणाले होते. "सकाळी काही खाल्लंय का तुम्ही?"

"सर, गोदावरी खोऱ्यात जुने भ्रंश आहेतच."

"जुने आहेत म्हणून असे वागतील का? खात्री असेल तर मला कलेक्टर ऑफिसला कळवावं लागेल. अकरापर्यंत सांगा."

अर्ध्या तासात चहाऐवजी शेवंताबाई आल्या. तलावात मासे धरणाऱ्यांच्या गटाच्या त्या प्रमुख. लुगड्याचा काचा मारलेला, पाय चिखलाने भरलेले. मागे दहा-पंधरा माणसं, बांधावरच थांबलेली.

"साहेब, धरती कव्हा फाटते ते सांगून टाका. पाण्यात कोनी उतरून नाई राह्यलं."

"फाटेल असं मी म्हटलं नाही, बाई."

"मंग काय म्हटलं? गोविंदाभाऊ तं सांगत सुटला, घरात थांबू नका म्हनून. तिकडं तलावात कंबरभरबी पानी नाई उरलं. रोहू, कतला तोंडं वर काढून राह्यले. ऊन चढलं का सारे मरतात. सालभर पोसले आमी!"

घड्याळात पावणेनऊ वाजले होते.

मी त्यांना रेघ दाखवली. दुसरं काय दाखवणार? "ही बघा. सोमवारी सकाळी सुरू."

"सोमवारीच तं आमी तलावाचं दार उघडलं."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? पानी उतरवल्याबिगर जाळं कसं लागन?"

मी लॅपटॉप जवळ ओढला. "बुधवारी काय केलं?"

"दार बंद केलं. माह्या दिराच्या पोरीचं लगन होतं. सारे मांडवात, मंग उघड्या मासोळ्या राखन कोन? असं असलं का आमी पानी थांबवतो."

"बंद कधी केलं? उघडलं कधी?"

"हळद लागायच्या आधी बंद केलं, सकाळी दहाक वाजता. दुसऱ्या दिवशी पोरगी सासरच्या वाटी लावली अन् मंग उघडलं."

मी रेघेवर बोट ठेवलं. बुधवार, दहा वाजून गेल्यावर सपाट. गुरुवारी सकाळी पुन्हा वाक. आमच्या यंत्रात ते लग्न हळदीपासून पाठवणीपर्यंत नोंदलेलं होतं.

पाण्याला वजन असतं. तलाव भरला की त्याखालची जमीन दबते, रिकामा झाला की उठते आणि आजूबाजूला किंचित कल येतो. हे मी स्वतः दोन ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे. आमच्या फॉर्मवर 'परिसरातील बदल' असा रकानाच आहे. त्यात मी वर्षानुवर्षं 'निरंक' लिहीत आलो.

"बाई, काही धोका नाही. उतरा."

बांधावरून कुणीतरी म्हणालं, "साहेबाले काय जाते बोलाले! आधी त्याले उतरव."

मग मी शेतापलीकडच्या तलावावर गेलो आणि उतरलो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, गाळ मांडीपर्यंत आला. एक पाय काढायला गेलो तर दुसरा आणखी रुतला, आणि मी बसलोच. काठावर हशा पिकला. आणि हसता हसता माणसं जाळी घेऊन पाण्यात आली.

मी तसाच बसून राहिलो. कधीकाळी माणसांनी मातीच्या पाट्या डोक्यावर वाहून तलावाची ही पाळ घातली. त्यांनी अडवलेल्या पाण्याने धरती दबते, आणि कुणी दार उघडलं की ती श्वास घेतल्यासारखी वर येते. मी त्या क्षणी तिच्यावर बसलो होतो आणि मला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं.

थोडे मासे गेले. बाकीचे दुपारच्या आत बर्फात पडले. साहेबांना फोन केला, या वेळी स्पीकर बंद करून.

"म्हणजे तुम्ही लग्न पकडलं," ते म्हणाले. "बरं झालं, मी कलेक्टरांना आमंत्रण पाठवलं नाही."

धडा एवढाच: यंत्राने काही विलक्षण दाखवलं, तर आधी शेजाऱ्यांना विचारावं की या आठवड्यात तुम्ही काय केलं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. समुद्राखालचे ते मुके भूकंपही सांगितले. ती चिखलाची पँट बादलीत बुडवत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एवढी मोठी धरती. महिना-महिना सरकते अन् कोणाले पत्ता लागू देत नाई. तुम्ही एक रेघ काय पाह्यली, सारं गाव घराबाहेर काढलं!"