सुई अडली तेव्हा

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राची कायम जागा भरली तेव्हा निवड समितीत मी होतो, आणि सविताचे अठरा गुण मी खोडरबराने पुसून अकरा केले.

सविता पाथर्डीकडची, ऊसतोडीच्या घरातली. पीएच.डी. होऊनही आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायची. प्रयोगशाळेत शिरली की आधी प्रत्येक यंत्राला टिचकी मारायची. मुलं हसायची. "हसू नका रं. आधी हाल विचारावा, मग काम सांगावं." कुणाचा प्रयोग फसला की म्हणायची, "यंत्र खोटं बोलत न्हाई. वायर ढिली आसंल, न्हाईतर तू."

मुलाखतीत समितीसमोर प्रयोग करून शिकवायचं होतं. तिच्या आधीच्या उमेदवाराच्या गॅल्व्हानोमीटरची सुई अडली. गडी घामाघूम. दार उघडंच होतं; बाहेरच्या बाकावरून सविता उठून आत आली, टिचकी मारली, एक स्क्रू फिरवला. सुई हलली. "करा सर आता बिनघोर," असं त्यालाच सांगून ती परत बाकावर जाऊन बसली. मग तिचा पाठ झाला. सगळ्यांत उजवा.

आमची पद्धत अशी, की गुण आधी पेन्सिलीने मांडायचे आणि चर्चा झाली की पेनने गिरवायचे. अध्यक्ष म्हणाले, "बाई हाताची चलाख आहे, लॅब असिस्टंट म्हणून उत्तम. पण प्राध्यापक? उद्या लग्न, परवा बाळंतपण. आणि बोलणं ऐकलंत ना, थेट उसाच्या फडातलं." सगळे हसले. मीही हसलो, आणि रबर उचललं. जागा त्या घामाघूम माणसाला मिळाली.

निकालानंतर ती स्टाफरूममध्ये भेळ घेऊन आली. "खावा सर. त्यांची सुई मीच हलवली, आता रडू कुनापुढं?" असं म्हणून ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे दोघे भेळ मागायला आले.

यंदा बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत तिची निवड झाली. निरोप घ्यायला आली तेव्हा माझ्या टेबलाला टिचकी मारून म्हणाली, "काय सर, बरं हाय ना? त्या दिवशी समितीत तुमी एकटे माझ्या बाजूनं हुता, मला ठाव हाय."

मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

तिचे गुण पुसणारा हात माझा होता, हे तिला सांगणं अजून बाकी आहे.