जिभेची ओळख

कोपऱ्यावरच्या काकू तान्ह्या बाळाचा चेहरा आधी कधी बघत नसत. नाक कोणाचं, रंग कोणाचा यावर बाकीच्या बायकांचा वाद चाललेला असायचा आणि काकू नुसते बाळाचे ओठ बघत बसलेल्या असायच्या. मग बाळंतिणीला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "तू काय खाऊन राहिली पोरी?" आईनं लसूण खाल्ला की दुधाला त्याचा वास लागतो, मेथी खाल्ली की मेथीचा, आणि बाळाला ते सगळं कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. "जिभेले ओळख लागते बाई," त्या म्हणायच्या. "अनोळखी माणूस दिसला का लेकरू रडते ना? घासाचंबी तसंच. पहिल्यांदा थुंकते, मग चाखते, मग मागते. आपण घाई नाही कराची."

मी लग्न होऊन वर्ध्याहून भिलाईत आले तेव्हा पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता. आमच्या सेक्टरमध्ये एकसारख्या क्वार्टरांच्या रांगा होत्या, त्यांच्यापुढे लाल मुरूम आणि त्याच्यापुढे काहीच नाही. सावली देईल असं एकही झाड अजून वाढलेलं नव्हतं. नवरा ड्रॉइंग ऑफिसात, सकाळचा भोंगा झाला की निघून जायचा. शेजारी बंगाली, पलीकडे मल्याळी, मागे पंजाबी. सगळ्या माझ्याच वयाच्या, सगळ्या हातवारे करून बोलणाऱ्या, आणि कोणाच्याही घरात सासू नाही, आई नाही. अख्ख्या ओळीत केस पिकायला लागलेली बाई एकच होती, ती म्हणजे काकू. म्हणून त्या सगळ्यांच्या काकू झाल्या, बंगालणीच्या आणि पंजाबणीच्यासुद्धा.

त्या मूळच्या गोंदियाकडच्या. काका आधी रेल्वेत, दुर्ग लाइनवर ड्रायव्हर होते, आणि आता कारखान्याच्या आतली इंजिनं चालवायचे. काकूंना दोन मुलं झाली होती, दोन्ही राहिली नाहीत. हे मला काकांकडून कळलं. काकूंनी स्वतः कधी सांगितलं नाही. त्या फक्त एवढंच म्हणायच्या, "माह्या हाताले चव हाय, पण घरात तोंड नाही."

ते तोंड त्यांच्या घरात आलं ते फार वाईट रीतीनं. काकूंच्या भिंतीला भिंत लागून राव नावाचे तेलुगू गृहस्थ राहायचे, कोक ओव्हनवर, म्हणजे कारखान्याच्या कोळशाच्या भट्ट्यांवर, फोरमन होते. त्यांची बायको बाळंतपणानंतर तापानं गेली. मुलगी काही दिवसांची. गावाकडे रावांचे वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले, आई त्यांच्या उशाशी. पोर कोणाकडे पाठवायची? राव मुलीला दुपट्यात घेऊन काकूंच्या दारात उभे राहिले. काकूंनी हात पुढे केले. "इकडे दे बाप्पा," एवढंच म्हणाल्या. रावांना मराठी कळत नव्हती, पण ते कळलं.

रावांनी मुलीला बुज्जी म्हणायला सुरुवात केली होती, काकूंनी तिची बुजी केली. आधी पाणी घातलेलं गाईचं दूध, कापसाच्या बोळ्यानं. मग भाताची पेज. मग वरणाचं पाणी, आणि दात यायला लागले तशा ज्वारीच्या कण्या, ताकात मऊ शिजवलेल्या, वर जवसाची चिमूटभर चटणी, अगदी बिनतिखटाची. बुजीनं पहिल्या दिवशी कण्या थुंकल्या. काकूंनी तोंड पुसलं आणि वाटी बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर. रागावणं नाही, चिमणी दाखवणं नाही, गोडीगुलाबी नाही. फक्त आधी स्वतःच्या तोंडात घालायचं आणि हसायचं. काही दिवसांनी बुजी वाटी वाजवून "कन्ना, कन्ना" करायला लागली, तेव्हा काकू अंगणात येऊन मला हाक मारून सांगत होत्या, "आयकलं का? मागून राहिली!" त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

बुजी वर्षाची झाल्यावर राव तिला आजीला दाखवायला गावी घेऊन गेले. महिनाभर राहणार होते, पंधरा-वीस दिवसांतच परत आले. पोरीची मान बारीक झाली होती. राव ओट्यावर बसून सांगत होते, "कुछ नहीं खाया, काकू. माँ ने सब बनाया. चारू-भात, इमली के पानीवाला, पप्पू-दाल, सब. मुँह में डालते ही थू. बस दूध पिया. माँ बहुत रोई."

काकूंनी आतून कण्या आणल्या. बुजीनं दोन्ही हातांनी वाटी धरली. मी काकूंच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली होती, आणि ती लपवायला त्यांनी मान खाली घातली. "माह्या हातचंच खाते ती," त्या पुटपुटल्या. त्यानंतर चारपाच दिवस त्या कोणाशी फारसं बोलल्या नाहीत. मला वाटलं, पोरगी बारीक झाल्याचं त्यांच्या मनाला लागलं असेल.

हिवाळ्यात रावांचे वडील वारले. आता आजी मोकळी झाली होती आणि तिला नात हवी होती. रावांनीही तिकडच्या बंदरात नोकरी बघितली, उन्हाळ्यात जायचं ठरलं. हे सांगताना ते काकूंकडे न बघता भिंतीकडे बघत होते. काकूंनी ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "वो इमली का पानी कैसे बनाते, आपके तरफ?"

रावांना ते नीट सांगता येईना. मग काकूंनी दोन ओळी पलीकडे राहणारी एक तेलुगू बाई शोधून काढली. तिला हिंदी येत नव्हती, मराठी तर नाहीच, आणि काकूंना तेलुगूचा एक शब्द माहीत नव्हता. रोज दुपारी काकू बुजीला कडेवर घेऊन तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या, ती काय काय टाकते ते बघायच्या, हुंगायच्या आणि घरी येऊन तेच करायच्या. चिंच, मिरी, जिरं, हिंग. तिळाचं तेल. मला त्यांच्या घरातला वास बदललेला कळायचा, कारण त्यांच्या चुलीचा धूर मागच्या अंगणांतून आमच्याकडे यायचा. काकांची मात्र पंचाईत झाली. एक दिवस ते ताटावरून उठून बाहेर आले आणि मला म्हणाले, "बाई, तुह्याकडे भाकर हाय का? आमची बायको मलेबी आंध्रात धाडून राहिली वाटते."

काकूंना स्वतःला ती चव अजिबात आवडत नव्हती. हिंगाचा तो वास त्यांना सोसायचा नाही. पण बुजीसमोर त्या चमचा आधी आपल्या तोंडात घालायच्या आणि चेहरा असा ठेवायच्या की जणू पुरणपोळी खाताहेत. मी एकदा विचारलं, "काकू, तुमाले तं हे चालत नाही, कशाले खाता?" तेव्हा म्हणाल्या, "आपण तोंड वाकडं केलं का लेकरू पायते ना. त्याले वाटते, याच्यात काही वाईट हाय."

सुरुवातीला त्या कण्यांतच चमचाभर चारू मिसळायच्या. मग दोन चमचे. मग अर्धं-अर्धं. मग कण्यांच्या जागी भात आला. बुजी थुंकायची, रडायची, वाटी ढकलायची. काकू पुसून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा पॉवर हाऊस नावाच्या वस्तीतल्या बाजारातून आम्ही दोघी परत येत होतो. त्या तेलुगू बाईनं ज्या आंबट पानांची चटणी शिकवली होती, ती पानं काकूंनी पिशवीतून काढून उन्हात धरली आणि रस्त्यातच थांबल्या. "अवं, हे तं आपल्या अंबाडीचंच भावंड हाय!" त्या हसायला लागल्या. "नाव दुसरं ठेवलं, एवढंच." त्या दिवशी त्यांनी ती चटणी भातात कालवून बुजीला दिली आणि स्वतःही खरोखरीच्या आवडीनं खाल्ली. त्या सगळ्या महिन्यांत त्यांना तोंड हसरं ठेवायचं सोंग करावं लागलं नाही असा तो एक दिवस.

मग एका दुपारी बुजीनं चारू-भात गिळला आणि तोंड पुन्हा उघडलं. काकूंनी दुसरा घास दिला, तिनं तोही खाल्ला आणि ओठांवरून जीभ फिरवली. मी टाळी वाजवली. काकू तिच्या ओठांकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. "हे मी शिकवलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पाय कशी चाटून राहिली. हिची ओळख जुनी हाय. हिच्या आईनं खाल्लं असन, हे पोटात होती तवा. ती बाई माह्या आधीच देऊन गेली." त्यात खरं किती होतं कोण जाणे. पण काकूंचा त्यावर विश्वास होता, आणि त्या दिवसापासून त्यांनी मधूनमधून द्यायच्या त्या कण्याही अगदी बंद केल्या.

ते बघणं मला जड गेलं. बुजी तुरुतुरु चुलीपाशी जायची, भांड्याला हात लावायची आणि "कन्ना?" विचारायची. काकू म्हणायच्या, "नाही बाई, सरल्या." मी एकदा वाटी मागायला मागच्या दारानं गेले, तर बुजी आत झोपलेली आणि काकू मोरीपाशी उभ्यानं, दाराकडे पाठ करून, कण्या खात होत्या. मला बघून त्या ओशाळल्या.

"तिच्यासमोर खाल्लं तं ती मागन," त्या म्हणाल्या.

"मग द्या ना काकू थोड्या. काय होते?"

"नाही." त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं. "माह्या चवीची ओढ राहिली तं तिथं उपाशी राहीन. रडन. त्या म्हातारीचाबी जीव कष्टी होईन. मंग माह्या लाडाचा काय उपयोग?" भांडं फळीवर सरकवत त्या म्हणाल्या, "मांगच्या वेळी बिनखाता वापस आली ना, तवा मले आनंद झाला होता. लेकरू वाळलं, अन् मले आनंद! मी चार दिवस झोपली नाही, बाई."

उन्हाळ्यात राव निघाले. दुर्ग स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो होतो. काकूंनी प्रवासासाठी डबा दिला तो चिंचेच्या भाताचा. गाडी हलली तेव्हा बुजी खिडकीत रावांच्या मांडीवर होती आणि तिला तो खेळच वाटत होता. ती रडली नाही. काकूही रडल्या नाहीत. टांग्यातून परत येताना त्या रस्ताभर एवढंच म्हणाल्या, "खाईन ती. आता खाईन." महिन्याभरानं रावांचं कार्ड आलं, ते माझ्या नवऱ्यानं वाचून दाखवलं. बुज्जी छान जेवते, आजीच्या हातचं सगळं खाते, मजेत आहे. काकूंनी "बरं झालं" म्हटलं आणि त्या तांदूळ निवडत राहिल्या. निवडून झालेले तांदूळ त्यांनी पुन्हा सुपात घेतले आणि पुन्हा निवडायला सुरुवात केली.

त्यानंतर काकूंकडे दुपारी चूल पेटेनाशी झाली. काका कँटीनमध्ये जेवून यायचे. काकू सकाळची भाकर आणि मीठ घेऊन अंगणात बसायच्या आणि शेजारी रावांच्या क्वार्टरात आलेल्या नव्या माणसांची ये-जा बघायच्या. पुढच्या वर्षी मला मुलगा झाला. तो सहा महिन्यांचा झाल्यावर मी त्याला घेऊन काकूंकडे गेले. म्हटलं, पहिला घास तुमच्या हातचा. काकूंनी त्याचे ओठ बघितले, हनुवटीला बोट लावलं, आणि हात मागे घेतला. "तू दे," त्या म्हणाल्या. "तुह्या हातची चव लागू दे त्याले. मी बसते बाजूले." आणि त्या खरोखरच बाजूला बसल्या. मी काय करायचं ते सांगत राहिल्या, पण वाटीला हात लावला नाही. माझ्या मुलाला काय खायचं, कसं खायचं हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. आता नातवंडांच्या वेळी सुनेला हेच सांगते, घाई करू नकोस, आधी स्वतः खा, आणि हस.

काका निवृत्त झाले आणि दोघं गोंदियाला गेली. पुढे माझी आणि काकूंची भेट झाली नाही. पण त्या जाण्याच्या आदल्या हिवाळ्यात राव एकदा येऊन गेले. कारखान्यात काही काम होतं, आणि बुजी बरोबर होती. सहासात वर्षांची, दोन वेण्या, परकर-पोलकं, तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. काकूंना तिनं ओळखलं नाही. ओळखणार कशी? रावांनी सांगितलं म्हणून वाकून नमस्कार केला आणि वडिलांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

काकूंनी मला पहाटेच हाताशी बोलावून घेतलं होतं. पप्पू, चारू, आंबट पानांची चटणी, तिळाच्या तेलातली वांगी, सगळं त्यांनी केलं होतं. इतक्या वर्षांत एकदाही न करता, काहीही न विसरता. बुजी लाजत पानावर बसली. पहिला घास घेतला आणि चमकून वर बघितलं. मग मान खाली घालून ती जेवायला लागली, बोटं चाटत, पुन्हा मागत. काकू समोर बसून वाढत होत्या. जेवता जेवता बुजी वडिलांना तेलुगूत काहीतरी म्हणाली.

"काय म्हंते?" काकूंनी विचारलं.

राव म्हणाले, "पूछ रही है, ये आंटी अपने गाँव की हैं क्या?"

"हो म्हणा," काकू म्हणाल्या. मग आपण मराठीत बोललो हे लक्षात येऊन त्यांनी हिंदीत सांगितलं, "हाँ बोलो. उसी के गाँव की हूँ." आणि तिच्या पानात त्यांनी आणखी भात वाढला.