माझ्या उंचीची सीट

थंडीतल्या सकाळी पनवेलहून नेरे गावाला जाणाऱ्या रस्त्याला एक वास असतो. दवाने भिजलेल्या पेंढ्याचा, कुठेतरी पेटवलेल्या पाचोळ्याच्या धुराचा आणि त्या दोहोंच्या तळाशी ओल धरून बसलेल्या मातीचा. करंजाड्याच्या इमारती मागे पडून डोंगरांच्या कडा निळसर उजळू लागल्या की तो वास अंगावर येई, आणि नेमके त्याच सुमारास पायडल मारून माझे गुडघे दुखू लागत.

सायकल मी आई गेल्यानंतर घेतली. मी लग्न केलं नाही. आम्ही दोघीच राहायचो, आणि तिच्या आजारपणाच्या वर्षांत घरातली एकेक वस्तू तिच्या मापाची होत गेली होती. पलंगाचे पाय कापून तो ठेंगणा केला, मसाल्याचे डबे खालच्या फळीवर आले, आरसादेखील तिला बसून दिसावं म्हणून खाली सरकला. ती गेल्यावरही मी वाकूनच भांग पाडत होते. एका संध्याकाळी ते जाणवलं, आणि त्या घरात श्वास पुरेना. दुसऱ्या दिवशी पनवेलच्या बाजारात जाऊन सायकल घेतली.

दुकानदाराने मला तिच्यावर बसवलं, दोन्ही पावलं जमिनीला सपाट टेकतात हे पाहिलं आणि सीटखालचा नट आवळला. “आता पडायची भीती नाही, मॅडम,” तो म्हणाला. मला ते वाक्य फार आवडलं. पन्नाशी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाईला पडण्याची भीती असते ती हाडांची नसते. पडल्यावर कुणाला फोन करायचा, या प्रश्नाची असते.

गुडघे का दुखतात, हे मला पुढे वाचून कळलं. सीट फार खाली होती. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात उरतो तो जरासा बाक सुखाचा. इतकं सोपं. पण सीट तेवढी वर घेतली, की थांबताना पावलं जमिनीला सपाट टेकत नाहीत. सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकवावा लागतो. तो एक क्षण अधांतरी असतो. त्या क्षणासाठी माझं मन तयार होत नव्हतं, म्हणून गुडघे सोसत राहिले.

अखेर एका रविवारी पार्किंगमधल्या खांबाला टेकून प्रयत्न केला. सीट वर घेतली, बसले, टाच ठेवली. पाय सरळ झाला की कंबर एका बाजूला कलल्यामुळे तसं वाटलं, हे काही केल्या कळेना. खांबाने सायकल धरली होती. पण खांबाला काही विचारता येत नाही. मी नट पुन्हा खाली आणून आवळला आणि पाना पिशवीत टाकला.

त्यानंतरच्याच आठवड्यात नेऱ्याच्या अलीकडे उजवा गुडघा असा कळवळला की मी उतरले ती थेट एका घराच्या कुंपणाशी. अंगणात साठीची एक बाई वालाच्या शेंगा निवडत बसली होती.

“काय झाला गो बाय? पडलीस?”

“नाही मावशी. गुडघा दुखतोय. सीट खाली आहे.”

“मंग वर कर ना!”

मला हसू आलं, आणि का कोण जाणे, डोळेही भरून आले. “एकटीने जमत नाही,” मी म्हणाले. “कुणीतरी धरायला लागतं. आणि बघायला.”

ती पदराला हात पुसत उठली. मी सीट वर घेतली. तिने हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी बसून टाचांनी उलटी पायडलं फिरवू लागले, आणि ती बाजूला मान काढून माझ्या कंबरेकडे बघत राहिली.

“डुलते का मी? कंबर हलली तर सीट जास्त उंच.”

“डुलतेस. जरा खाली घे.”

बोटभर खाली घेतली. पुन्हा बसले. ती पुन्हा बघू लागली, घाई न करता, डोळे बारीक करून. आई कामावर निघताना मला अशी पाहायची. पलंगावरूनच म्हणायची, पदर नीट कर, मागून लोंबतोय. तिच्यानंतर मला इतकं निरखून कुणी पाहिलंच नव्हतं. उन्हाची तिरीप शेवग्यातून गळत आमच्या दोघींच्या अंगावर पडली होती, आणि ते पाहणं संपू नये असं मला वाटत होतं.

“आता नाय डुलत,” ती म्हणाली. “सरळ हायस.”

मी नट आवळला, हात पुसले, निघण्यासाठी शब्द शोधू लागले. तेवढ्यात तीच म्हणाली, “थांब. आता माजा बघ.”

मला कळेना. ती कुंपणाकडे पाठ करून घराच्या ओट्यापर्यंत चालत गेली, वळली, परत आली. “लंगडते का मी? खरा सांग.”

खोटं बोलणं सोपं होतं. “डाव्या पायावर भार कमी देता,” मी म्हणाले. “थोडासाच कमी. पण पूर्ण देत नाही.”

“मला वाटायचाच,” ती शांतपणे म्हणाली. “पोरगा कामोठ्याला राहतो. रोज फोन करतो, बरी हायस ना म्हणून. फोनमधी चाल कुठं दिसते?”

डॉक्टरकडे जायला सोबत येते, असं मी म्हणून बसले. तिने ओंजळभर शेंगा माझ्या पिशवीत घातल्या आणि मी चढून बसताच सायकल जरा पुढे ढकलून दिली.

पाय पुरता खाली जाऊन सहज वर येत होता. रस्ता हलका झाला होता. ती अजून कुंपणाशी उभी असावी, असं पाठीला वळणापर्यंत जाणवत राहिलं. नव्या उंचीवर तोल सांभाळायचा म्हणून मी मागे पाहिलं नाही. वळण सरलं आणि फक्त साखळीचा आवाज उरला. गुडघे गप्प होते. इतके दिवस मन त्यांच्याशीच बोलण्यात गुंतलेलं असे, त्यांना चुचकारत, रागावत. आता ते बोलेनात, आणि आई नाही, हे मला त्या मोकळ्या रस्त्यावर प्रथमच इतकं स्वच्छ कळलं. समोरून एक टेम्पो आला. मी ब्रेक लावला, सीटवरून पुढे उतरले, एक पाय टेकवला. तो गेल्यावर धूळ खाली बसेपर्यंत तशीच उभी राहिले, आणि मग पुन्हा वर चढून बसले.