तलावावरच्या ताई आणि माझं कोरडं नाक

आमच्या पोहण्याच्या तलावावरच्या ताई कुणाला पाण्यात ढकलत नाहीत. आधी कागदावर ढकलतात.

पोहायला शिकायचं म्हणून कुणी आलं, की त्या त्याला ऑफिसच्या खिडकीशी बसवतात, एक कोरा कागद आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल पुढे सरकवतात आणि म्हणतात, "तुमचं आणि पाण्याचं कसं काय जमतं, ते लिहा. एक पान पुरे." पेन्सिल अशासाठी, की ओल्या हातांना शाई टिकत नाही. दोरा अशासाठी, की पोहणारी झाली तरी ती माणसंच. लहान मुलांना चित्र चालतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, ताई उतरवून घेतात. मग ज्याचं जसं पान, तशी त्याची शिकवणी. एका बसड्रायव्हरने म्हणे एकच ओळ लिहिली होती, "पाण्याला ब्रेक नसतो." ताईंनी त्याला पहिला आठवडाभर पोहायला शिकवलंच नाही. नुसतं थांबायला शिकवलं.

ताई बुटक्या, खांद्यांनी रुंद, पन्नाशी ओलांडलेल्या. डोक्यावर कायम रबरी टोपी, त्यामुळे केस काळे की पांढरे हे गुपित. गळ्यात शिट्टी असते, पण वाजवलेली कुणी ऐकली नाही. त्यांनी नुसतं "अरे ए!" म्हटलं की तलावाच्या दोन्ही टोकांची मुलं थांबतात. एकदा तर रस्त्यावरचा सायकलवालाही थांबला होता.

मी मात्र तलावावर पोहायला जात नव्हतो. मी नातीला पोहोचवायला जात होतो आणि बाकावर बसून सगळ्यांना सूचना देत होतो. "पाय सरळ! श्वास सोडा! अहो, हात असा नाही!" उंटावरून शेळ्या हाकायला उंट तरी लागतो. मला लाकडी बाक पुरत होता.

आमची नात आठ वर्षांची. बरोबरीची मुलं माशांसारखी सुळसुळायला लागली, तरी ही आपली दुसऱ्या पायरीवर, कमरेइतक्या पाण्यात, मान बगळ्यासारखी उंच धरून. तोंड पाण्यात घालायचं नाव नाही. शेवटी एकदा घरी जाताना म्हणाली, "आजोबा, उद्यापासून मी नाही येणार. सगळे मला पायरीताई म्हणतात." आवाज अगदी बारीक होता. मी म्हटलं, "हसू दे त्यांना." पण रस्ताभर तिने माझं बोट धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला कसंबसं समजावून नेलं, तर ताईंनी मला खिडकीशी बोलावलं. मला वाटलं, माझ्या सूचनांबद्दल आभार मानणार असतील.

त्यांनी नातीकडून नव्याने भरून घेतलेला कागद पुढे ठेवला. चित्र छान होतं. निळा तलाव, त्यात मुलं, आणि तलावापासून बऱ्याच अंतरावर, भर उन्हात छत्री उघडून बसलेला एक टकला माणूस. खाली लिहिलं होतं, "नाकात पाणी गेलं की ते सरळ मेंदूत जातं आणि शिकलेलं सगळं वाहून जातं. असं आजोबा म्हणतात. आजोबांना सगळं माहीत असतं."

"टक्कल इतकं मोठं नाहीये माझं," मी म्हटलं.

"तिच्या साताच्या पाढ्याचं काय होईल, याची तिला काळजी आहे," ताई म्हणाल्या. "आत्ताच पाठ केलाय तिने. तो वाहून गेला तर?"

"अहो, मी आपलं गमतीनं..."

"तसं मी तिला सांगू शकते. आजोबांचं चुकलं म्हणून. पण मग त्या शेवटच्या ओळीचं काय करायचं?" त्यांनी "सगळं माहीत असतं" वर बोट ठेवलं. "त्यापेक्षा तुम्हीच या पाण्यात. तुमचं तिला पटेल." आणि माझ्यापुढे कोरा कागद आला.

आता, मी लेखक आहे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक अंकात माझा लेख दरवर्षी येतो. संपादकही मीच असल्यामुळे तो आजवर एकदाही परत आलेला नाही. अशा माणसाला एक पान म्हणजे हत्तीला बूचभर पाणी. मी पानाच्या दोन्ही बाजू भरल्या. त्यात खवळलेली नदी होती, काळेभोर ढग होते, पैलतीरावर केविलवाणं ओरडणारं कोकरू होतं, आणि लाटांचे तडाखे झेलत त्याला खांद्यावरून आणणारा एक तरणाबांड वीर होता. "पुढे संसाराच्या प्रवाहात सराव सुटला," असा हळवा शेवट केला. वाचून माझेच डोळे पाणावले. माझ्या तोंडाला लागलेलं पाणी म्हणजे तेवढंच.

ताईंनी दोन्ही बाजू वाचल्या. चेहरा हलला नाही. "वा! म्हणजे नुसता सराव हवाय. उद्या खोल बाजूला या."

तलावावर हे असं आहे. तुम्ही जे लिहाल ते तिथे खरं धरतात. सोसायटीच्या अंकात हा धोका नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मुलाची पोहण्याची चड्डी घालून खोल बाजूच्या काठावर उभा राहिलो. रात्री घरी ते पान मी रंगवून सांगितलं होतं, म्हणून ही, म्हणजे आमची सौभाग्यवती, खास बघायला आली होती. माझ्याच बाकावर बसून ओरडली, "अहो, कोकरू दिसतंय का पलीकडे?" मी शिडीच्या तीन पायऱ्या उतरलो. पाणी छातीशी आलं, गळ्याशी आलं, हनुवटीला लागलं, आणि वीर शिडीला असा चिकटला की त्याला सोडवायला ताईंना स्वतः उतरावं लागलं. वर आलो तेव्हा नात समोरच उभी होती.

"आजोबा, ती नदी कुठली होती?"

मी टॉवेल तोंडावर घेतला. तोंड कोरडंच होतं.

ताई शेजारी येऊन बसल्या. नदीचा विषयच काढला नाही. स्वतःच्या सासूबाईंबद्दल बोलायला लागल्या.

"त्या साठीच्या होत्या. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं. मी तेव्हा नवी होते, सगळ्यांना एकच धडा. सासूबाई रोज यायच्या, काठावर बसायच्या, परत जायच्या. मी म्हणायची, आई, घाबरता कशाला? पाणी फक्त छातीइतकं आहे. अहो, मी त्यांना खोली मोजून दाखवली! एकदा कंटाळून नुसती शेजारी बसले, तर आपणहून सांगायला लागल्या. लग्न झाल्यापासून त्यांचे ओले केस कुणी पाहिले नव्हते. नवऱ्यानेसुद्धा नाही. पाण्याची भीती नव्हतीच हो, लाज होती. मी त्यांना ही टोपी आणून दिली." त्यांनी डोक्यावर थाप मारली. "त्याच आठवड्यात उतरल्या. तेव्हापासून मी आधी विचारते. माणूस कुठे अडलाय हे त्यालाच ठाऊक. मी उगाच पाणी मोजत बसते."

आणि दुसरा कागद पुढे आला. "या वेळी ढग नकोत."

ढग काढले, नदी काढली, कोकरू सोडून दिलं. उरलं ते चार ओळींत बसलं. "मी मानेखाली आंघोळ करतो. तोंड ओल्या फडक्याने पुसतो. डोकं धुवायचं असलं की मान मागे टाकून बायकोकडून धुवून घेतो. तोंडावर पाणी आलं की श्वास घ्यायचा की सोडायचा, हेच मला सुचत नाही." खाली सही केली. इतकं कमी मी जन्मात लिहिलं नव्हतं.

"यात एक राहिलं," ही मागून डोकावून म्हणाली. "डोकं धुताना ओरडता ते."

तेही लिहिलं.

ताई हसतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "छान! हे शिकवता येतं. उद्या घरून आंघोळीचा मग आणा. आणि हे पान तुम्ही स्वतः नातीला वाचून दाखवा."

म्हणून दुसऱ्या दिवशी नातीच्या शेजारी, त्याच दुसऱ्या पायरीवर, मी हातात लाल मग घेऊन बसलो आणि पान वाचलं. तिने नीट ऐकलं. "ओरडता?" तिने विचारलं. "थोडं," मी म्हटलं. "जोरात!" बाकावरून आवाज आला.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही, पाणी मेंदूत जातं का ते?"

"नाही गं. मी कधी जाऊच दिलं नाही."

नातीने विचार केला. "मग बघायला पाहिजे."

माझ्या हातातून तिने तो मग घेतला, भरून स्वतःच्या डोक्यावर ओतला, थोडं पाणी नाकातही गेलं, आणि फुर्र फुर्र करत ताबडतोब म्हणाली, "सात एके सात, सात दुणे चौदा..." साती दाही सत्तरपर्यंत पाढा शाबूत निघाला. मग तिने नाक धरलं, डोळे मिटले आणि अख्खं तोंड पाण्यात बुडवलं. बुडबुडे आले. मी ओरडलो. ती वर आली आणि परत पाढा. सगळा जागच्या जागी!

"आता तुम्ही. बोलू नका, तोंड मिटा. आणि आत गेल्यावर सोडायचा श्वास, घ्यायचा नाही," असं म्हणून तिने माझं नाक स्वतःच्या दोन बोटांत पकडलं. मी गेलो. आत निळं होतं, आणि विलक्षण शांत. माझ्याही तोंडातून बुडबुडे निघाले. वर आलो तर समोर परीक्षकबाई.

"सात आठे?"

"चौसष्ट!" मी धापा टाकत म्हटलं.

नातीचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई! आजोबांच्या मेंदूत गेलं पाणी!"

"नाही गं बाळा," ही बाकावरून म्हणाली. "त्यांचं आधीपासूनच असं आहे."

नातीने माझ्याकडे निरखून पाहिलं, खात्री करून घेतली. मग तो लाल मग माझ्या हातात दिला, "तुम्ही साताचा पाढा करा, मी येते," म्हणाली, आणि पायरी सोडून बाकीच्या मुलांकडे सुळकन निघून गेली.

ताईंनी तिकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे वळल्या. "अरे ए! थांबलात का?"

मी मग भरला. सात एके सात.