हातखंब्याचे डोळे

जगात मला आमच्या मामेसासऱ्यांइतकं कुणीही दमवलेलं नाही, आणि हे म्हणणाऱ्या माणसाने ऐन आषाढात चिखलात उभं राहून अडलेल्या म्हशी सोडवल्या आहेत. म्हैस सुटली की आपल्या वाटेने जाते. मामेसासरे सुटत नाहीत. बायकोचा मामा, त्यात एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, त्यात शिरगावच्या घरी कुत्र्यामांजरांचा गोतावळा, आणि जावई जनावरांचा डॉक्टर. असा योग ज्याच्या पत्रिकेत आहे त्याने दुपारच्या झोपेचं नाव काढू नये. ऐन घास तोंडाशी नेताना फोन वाजतो आणि पलीकडून "जावईबापू, निवळी ओकत्येय" असं ऐकू येतं. उभी हयात रत्नागिरी-चिपळूण गाडी चालवल्यामुळे मामांनी जनावरांना थांब्यांची नावं दिली आहेत. जे जिथे सापडलं, ते त्या नावाचं. "संगमेश्वराला जुलाब झालेत का?" असं मी दवाखान्यातून फोनवर ओरडून विचारतो, तेव्हा बाकावर बसलेली माणसं आपापली जनावरं जवळ ओढून घेतात.

मामांच्या मते अंगातल्या प्रत्येक अवयवाला गाडीत जोडीदार आहे आणि डोळे म्हणजे हेडलाइट. आल्या जनावराच्या डोळ्यांवर ते बॅटरी मारतात. बाहुली बारीक झाली की डिपर, अंधारात मोठी झाली की अप्पर. निवळी म्हणजे मिरकरवाड्याच्या मासळीवर वाढलेली, निवळी फाट्याला कुणाच्या तरी टोपलीतून उडी मारून मामांच्या गाडीत शिरलेली मांजर. तिचा एक हिरवा डोळा हळूहळू तांबूस झाला, तेव्हा मामा खूशच झाले. "पिकला," म्हणाले. "माझे केस नाय पिकले? तसा तिचा डोळा." मी पाहिलं, तर डोळ्यातला रंगीत पडदाच सुजलेला. तो पडदा आणि त्याला जोडून आत गेलेलं अस्तर, दोन्हीकडे रक्तवाहिन्यांचं जाळं. अंगात कुठेही काही बिनसलं की बोभाटा तिथे व्हायचा. सूज उतरवायला थेंब दिले, वेळेत पडले, डोळा पुन्हा हिरवा झाला. मामा जरा हिरमुसले. "दोन रंगांची बरी दिसत होती हो," असं त्यांनी मला ऐकवलं. मी तेव्हाही दमलेलाच होतो, त्यामुळे वाद घातला नाही.

हातखंब्याची गोष्ट मात्र निराळी. हा हातखंबा नाक्यावर चहाच्या टपरीखाली सापडलेला तांबडा गावठी कुत्रा, मामांचा सर्वांत लाडका. मामी गेल्यापासून मामा त्याच्याशी माणसांपेक्षा जास्त बोलतात, आणि तो ऐकतानाही थेट त्यांच्या तोंडाकडे बघतो, हे विशेष. एका रविवारी मी शिरगावला गेलो, तर हातखंबा पडवीच्या टोकाला काळा गॉगल लावून बसला होता. मामांच्याही डोळ्यांवर गॉगल. बाकीची जनावरं मागीलदारी कोंडलेली. मी हसत सुटलो.

"हसू नका," मामा म्हणाले. "डोळे आलेत त्याचे. त्याच्याकडे बघू नका, तुमचेही येतील. चार दिवस जेवलाही नाय नीट."

"मग मला फोन नाही केलात?" ओकलेल्या मांजरीसाठी मला ताटावरून उठवणारा हा माणूस!

"डोळ्यांना कसला डॉक्टर? येतात तसे जातात."

मी हातखंब्याचा गॉगल काढला आणि माझं हसू तिथेच संपलं. एक डोळा फुगून दगडासारखा कडक झालेला. दुसरा गढूळ, आणि बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. कानामागे बोट फिरवलं तर गोचिडांची रास. गोचिडाचा ताप आत भिनून डोळ्यांत उतरला होता.

"मामा, हे डोळे आलेले नाहीत. आतून सुजलेत. असे डोळे येत नाहीत, जातात."

मामांनी आपला गॉगल काढला. बॅटरी आणून त्या गढूळ डोळ्यावर मारली, विझवली, पुन्हा मारली. "डिपरलाच अडकलाय," एवढंच म्हणाले.

कडक झालेला डोळा गेलाच होता. दुसऱ्यासाठी बाहुली मोकळी करायचे थेंब, सुजेचे थेंब, तापाच्या गोळ्या. ज्या माणसाची गाडी प्रवाशांच्या आठवणीत कधी वेळेवर सुटली नाही, तो माणूस घड्याळ समोर ठेवून थेंब घालू लागला. गोचीड एकेक करून वेचले. लग्नकार्याला जाणं बंद केलं. मला फोन करणंही बंद केलं, आणि मग मीच दुपारी जेवण झालं की फोन लावू लागलो.

पावसाळा सरता सरता ते त्याला दवाखान्यात घेऊन आले. डोळा बराच निवळला होता. आता दिसतं का, एवढंच बघायचं होतं. त्याची रीत साधी आहे: डोळ्यासमोर कापसाचा बोळा सोडायचा. कापसाला आवाज नसतो. दिसत असेल तर कुत्र्याची मान त्याच्यामागे जाते. मी बोळा सोडला आणि हातखंब्याची मान छान खाली गेली. मामांचा अंगठा त्याच्या कानामागे होता.

"मामा, हात काढा."

"मी धरला नाय तर तो घाबरतो."

"काढा, मामा."

त्यांनी दोन्ही हात वर केले. मी बोळा सोडला. हातखंबा समोर बघत राहिला. मी पुन्हा सोडला.

"कापूस फार हलका हो," मामा म्हणाले. "मेला माझ्याही नजरेत भरला नाय. जरा जड काहीतरी टाका."

मी खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढला आणि सोडला. फरशीवर खळ्ळकन आवाज झाला. हातखंब्याने बरोबर तिकडे मान वळवली.

"बघितलंन!" मामांचा आवाज चिरकला. "बघितलंन ना हो, जावईबापू?"

"बघितलंन," मी म्हणालो, आणि किल्ल्या उचलायला वाकलो तो लवकर वर आलोच नाही.